पात्यांचा पीळ

१

चिमटेमास्तरांनी डोळ्याला भिंग लावले की घरात कुणी बोलायचे नाही, असा नियम होता. घरात कुणी म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्या दोघांखेरीज तिसरे माणूस घरात नव्हतेच. पण नियम करायला माणसांची गर्दी थोडीच लागते.

हौशी लोकांच्या कपाटातल्या जुन्या धातूच्या मोटारी, आगगाड्या आणि विमाने दुरुस्त करणे हा मास्तरांचा धंदा. त्यांना ‘खेळणी’ म्हटलेले गिऱ्हाइकांना खपत नसे, ‘मॉडेल’ म्हणावे लागे. मास्तरांच्या हातात सदानकदा चिमटा, म्हणून गल्लीने त्यांचे बारसे केले, आणि खरे नाव विजेच्या बिलापुरते उरले. ते स्वभावाने अंमळ तिरसट होते. वाकडे बसलेले चाक, उलटा चिकटवलेला दिवा असे काही दिसले की त्यांचा हात शिवशिवे. दुसऱ्याची चूक काढण्यात त्यांना जो आनंद मिळे, तो स्वतःच्या कामातही मिळत नसे.

ताईची दृष्टी हळूहळू गेली होती, आणि जाता जाता तिला घर पाठ करायला वेळ देऊन गेली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. एका टोकाला तिची खोली, मध्ये मास्तरांची कामाची खोली, पलीकडे स्वयंपाकघर. चहा करायला उठली की ती मास्तरांच्या खुर्चीमागून जायची. भिंतीला हात नाही, काठी नाही, उजवीकडे वळून अचूक दारातून आत. पाहुण्यांना कितीतरी वेळ कळायचेच नाही.

“बाहेर मी आंधळी आहे,” ती म्हणायची. “घरात नाही.”

२

जाड भिंगांचा चष्मा लावणारे ते गृहस्थ मॉडेल घेऊन आले तेव्हा त्यांनी ते शालीत गुंडाळले होते. हातभर लांबीचे, चांदीच्या रंगाचे विमान. शेपटीजवळ एका बाजूला नेहमीचे जेट इंजिन, आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्या जागी, कोयत्यासारख्या वाकड्या पात्यांचा उघडा पंखा. पंखाही एक नाही. पात्यांच्या दोन रांगा, एकीमागे एक, खेटून.

“प्रॉपफॅन,” गृहस्थ म्हणाले. “असं विमान एकच बनलं होतं, चाचणीसाठी. एका बाजूला जुनं इंजिन, एका बाजूला नवं. विचित्र दिसतं म्हणून काही सुधारू नका हं, मास्तर. एक पातं गळालंय, तेवढं बसवून द्या.”

मास्तरांनी नाक मुरडले. त्यांना शहाणपण शिकवणारी गिऱ्हाइके रोजच यायची.

“आणि खिडक्या अशा दुधी का?” त्यांनी विचारले.

“आत बघण्यासारखं काही नव्हतंच. प्रवासी कधी बसले नाहीत. खुर्च्या काढून पाण्याची पिंपं ठेवायचे, माणसांच्या वजनाइतकी.”

ताई दारात उभी राहून ऐकत होती. “बिचारी पिंपं,” ती म्हणाली. “खिडकीची जागा मिळून काय उपयोग.” गृहस्थ मनापासून हसले.

पितळी पत्र्यातून नवे पाते कापायला, घासायला आणि त्याला हवे ते वळण द्यायला मास्तरांना बरेच दिवस लागले. ते बसवताना त्यांच्या लक्षात आले की मागच्या रांगेतली पाती पुढच्यांच्या उलट कललेली आहेत. फुंकर मारली तर पुढची रांग एकीकडे फिरे आणि मागची दुसरीकडे. मास्तर हसले. पूर्वी कुणा अडाण्याने पाती काढून साफ केली असणार आणि परत बसवताना मागची रांग उलटी बसवली असणार. इंजिन विचित्र होते ते ठीक, त्याबद्दल गृहस्थ बोलले होते. ही मात्र सरळसरळ चूक होती.

प्रत्येक पाते आपापल्या खोबणीत बसवलेले होते. मास्तरांनी मागच्या रांगेतले एकेक पाते सैल केले, त्याचे मूळ चिमट्याने पिळून ते पुढच्या रांगेसारखे कलते केले आणि ग्लूचा ठिपका सोडला. मग फुंकर मारली. दोन्ही रांगा एका दिशेने, एका चालीने फिरल्या, आणि भुंग्यासारखा बारीक आवाज खोलीत राहिला. फार समाधान वाटले त्यांना. विमान कपाटावर ठेवून ते हात धुवायला गेले, तेव्हाही तो आवाज कानात होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दाराच्या चौकटीवर आपटली.

फार नाही, खांदा लागला एवढेच. पण इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. ती स्वतःच चकित होऊन उभी राहिली, चौकट चाचपली आणि म्हणाली, “दार सरकवलंस की काय?”

“हो, रात्री गवंडी बोलावला होता,” मास्तर म्हणाले.

ती हसली. दुपारी पुन्हा आपटली, त्याच बाजूला. दोन दिवसांनी चौकट राहिली बाजूला, ती थेट शेजारच्या भिंतीवर गेली आणि कपाळाला टेंगूळ आले. मास्तरांनी बर्फ लावला. दार जिथल्या तिथे होते. टेबल, खुर्ची, कपाट, सगळे जागच्या जागी. त्यांनी तर टेप लावून पाहिली. पाहताना स्वतःचीच लाज वाटली.

“रोज थोडं थोडं सरकतंय,” ताई म्हणाली. “पाणी ढवळल्यावर पेल्यातली लिंबाची साल फिरते ना, तसं.”

“ताई, घर फिरत नसतं.”

“मग मी फिरतेय का?”

मास्तर कामाला बसले. तो भुंगा अजून गुणगुणत होता, शेजाऱ्यांचा पंप असावा. कपाटावरच्या विमानाची पाती अगदी सावकाश फिरत होती. खिडकी उघडी होती, वारा असेल. त्यांनी उठून खिडकी लावली आणि पुन्हा विमानाकडे पाहण्याचे टाळले.

४

डॉक्टर तरुण होता, भला होता, आणि म्हणूनच त्याचे बोलणे जास्त लागले. डोळ्यांचा यात काही संबंध नाही, तो म्हणाला. ज्या घरात माणूस इतकी वर्षे वावरले तेच घर अनोळखी वाटू लागते, ही सुरुवात असू शकते. पुढे गॅस चालू राहील, जिना चुकेल. अशा माणसांना सांभाळणारी चांगली संस्था आहे, तिथे चोवीस तास माणसे असतात. त्यांच्या बाई एकदा घरी येऊन पाहून जातील.

रिक्षातून उतरून घराचा जिना आला तेव्हा ताईने मास्तरांचा दंड धरला. ती जिन्यावर कधी कुणाला धरत नसे.

“मला तिथे पाठवू नकोस,” ती म्हणाली. “तिथे मी नुसती आंधळी होईन रे. दुसरं काहीच नाही.”

“कोण पाठवतंय,” मास्तर म्हणाले. पण त्यांना भीती वाटत होती, आणि ती आवाजात उतरली होती. आंधळ्या माणसापासून आवाज कसा लपवणार. आई गेल्यावर याच बाईने त्यांना न्हाऊमाखू घातले होते, शाळेत सोडले होते. तिला एखाद्या परक्या खाटेवर बसलेली पाहणे त्यांना सहन झाले नसते. आणि तिला गॅसपाशी पेटलेली पाहणे तर त्याहून नाही.

५

मग ती आपटायची थांबली.

खरे तर आनंदाने जीव भांड्यात पडायला हवा होता. ताई पूर्वीसारखी खुर्चीमागून जाऊ लागली, पूर्वीसारखा चहा आणू लागली. चेहऱ्यावर टवटवी आली. फक्त वेळ जास्त लागे.

“वाट जरा लांब झालीय,” ती म्हणाली. “पण कळली आता मला.”

मास्तरांना तिच्या पावलांची सवय होती. खुर्चीमागून ती उजवीकडे वळायची, चपलांचा फटफट आवाज दारातून जायचा. आता ती वळत नव्हती. पावले सरळ जात, जिकडे नुसती कोरी भिंत होती. आणि त्या भिंतीपलीकडे दोन मजले खाली रस्ता. तिथे आवाज थांबायचा. मास्तर वळून पाहीपर्यंत खोलीत कुणी नसायचे. एकदा त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचे ठरवले, तर नेमकी ती भिंतीपाशी पोचताना हातातला चिमटा घसरला, नजर खाली गेली, आणि वर केली तेव्हा भिंत होती आणि ताई नव्हती. ते धावत स्वयंपाकघरात गेले. तिथेही नव्हती. थोड्या वेळाने ती त्यांच्या मागून चहा घेऊन आली. चहा वाफाळत होता, आणि गॅसची शेगडी त्यांनी हाताने चाचपली तर गार होती.

आपलेच लक्ष नाही, असे त्यांनी मनाला बजावले. वय झाले. भिंगातून पाहून पाहून जवळचे तेवढे दिसते, लांबचे निसटते. असे होते माणसाचे.

“तू वाटेत ती पिंपं कशाला आणून ठेवलीस?” ताईने चहा देता देता विचारले.

“कसली पिंपं?”

“पाण्याची. धक्का लागला की आत डुचमळतं. मी जाते बाजूने, मला काही त्रास नाही. पण आडवी आहेत.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. विमान आले त्या दिवशी तिने पिंपांची गोष्ट ऐकली होती, हे त्यांना आठवले. म्हणजे डॉक्टर म्हणतो तेच. ऐकलेले आणि घडलेले तिच्या डोक्यात एक होऊ लागले आहे. हे स्पष्टीकरण अगदी चोख होते, आणि त्यांना रडू येईल असे वाटले.

त्याच दुपारी तिने त्यांच्या शर्टाचे बटण लावून दिले. सुईत दोरा ओवून देणे हे मास्तरांचे काम असे. तो ओवलेलाच होता.

“कुणी ओवला?”

“मीच. आत गेले होते तेव्हा,” ती म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

६

“मला ने,” एका संध्याकाळी मास्तर म्हणाले. “तू जातेस तशी ने.”

“डोळे मिट मग. आणि फसवू नकोस, मला कळतं.”

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे घट्ट मिटले. लहानपणी असेच ती त्यांना अंधाऱ्या परसात न्यायची. खुर्ची मागे पडली. आता भिंत येणार, म्हणून त्यांचे सगळे अंग आखडून आले. कपाळ पुढे, दात आवळलेले. भिंत आली नाही.

पायाखालची फरशी संपली. खाली काहीतरी मऊ होते, रबरासारखे, आणि ते बारीक थरथरत होते. तो भुंग्याचा आवाज आता कानात नव्हता, दातांत होता, छातीच्या फासळ्यांत होता. त्यांचा डावा हात कशाला तरी लागला. थंडगार, गोल पोटाचा धातू. आत पाणी डुचमळले.

“सांभाळ,” ताई म्हणाली. तिचा आवाज एखाद्या लांबट, अरुंद जागेत यावा तसा आला.

मास्तरांनी डोळे उघडले.

किती वेळ, ते त्यांना कधीच सांगता आले नाही. पापणी लवायलाही तेवढा लागतो. वर वाकलेले छत, दोन्ही अंगांना ओळीने पिंपे, आणि लहान लहान खिडक्या, प्रत्येक खिडकीत पांढरा लख्ख उजेड. ताई त्यांच्या पुढे होती आणि तिची मान एका खिडकीकडे वळलेली होती. ती ऐकायची तेव्हा तिची हनुवटी खाली जायची आणि कान पुढे यायचा. हे तसे नव्हते. ती बघत होती.

मग भिंतीचा चुना त्यांच्या नाकाला लागला. हात हवेत होता, बोटांखाली खांदा नव्हता.

“सुटलास का?” ताई स्वयंपाकघराच्या दारातून विचारत होती. “सांगितलं होतं, डोळे उघडू नकोस.”

मास्तर भिंतीपासून मागे सरकले. “ताई,” ते कसेबसे म्हणाले, “तुला तिथे काय दिसतं?”

“मला काय दिसणार?” ती म्हणाली आणि हसली. पण हसायला तिला क्षणभर उशीर झाला होता.

७

सकाळी गृहस्थांचा फोन आला. मॉडेल झाले का?

“कधीच झालं,” मास्तर म्हणाले. रात्रभर झोप नव्हती, पण धंद्याची ऐट सुटत नाही. “नवं पातं बसवलं. शिवाय मागच्या रांगेतली जुनी चूक होती, तीही काढून टाकली.”

गृहस्थांनी त्यांना तिथेच अडवले.

“कसली चूक?”

“उलटी होती ना पाती. सरळ केली.”

“अहो मास्तर,” गृहस्थ हळहळले, “ती उलटीच असतात. पुढची रांग हवेला पीळ देते, मागची उलट फिरून तो पीळ काढते. दोन्ही एकीकडे फिरायला लागल्या तर पीळ काढणारं कुणी राहिलंच नाही. करा परत पहिल्यासारखं. मी दुपारी येतो.”

फोन ठेवल्यावर मास्तर कपाटाकडे पाहत उभे राहिले. पाती फिरत होती. खिडकी बंद होती. मनात आले ते त्यांनी शब्दांत येऊ दिले नाही. एवढेच म्हणाले की काम चुकले आहे, ते सुधारायचे आहे, दुसरे काही नाही. संस्थेच्या बाईही आजच येणार होत्या. त्या येण्याआधी झाले तर बरे. ताईने त्यांच्यासमोर दारातून नीट चालत जाऊन दाखवावे, आणि तो विषय संपावा.

त्यांनी ताईच्या खोलीत डोकावून पाहिले. ती पलंगावर बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

“इथेच बस,” ते म्हणाले. “मी कामाला बसतोय.”

“बरं. पण दूध ठेवलंय मी, ते जरा—”

“ताई. भिंग लावलं.”

ती गप्प झाली. नियम म्हणजे नियम.

विमान हातात घेतले तेव्हा ते कोमट होते. पाती त्यांनी नखाने थांबवली; थांबताना ती किंचित ओढ घेत होती. ग्लू विरघळवून एकेक पाते वळवायचे काम नाजूक होते. जुने पितळ एकदा वळलेले, आता दुसऱ्यांदा वळत होते, आणि मास्तर श्वास रोखून चिमटा फिरवत होते. प्रत्येक पात्यागणिक भुंग्याचा सूर खाली उतरत होता. त्यांना ते जाणवले आणि हुरूप आला. अर्धे झाले. पाऊण झाले. दूध करपल्याचा वास आला, मग खुर्चीमागून चपलांची फटफट गेली. ताई दुधाला निघाली असणार, न बोलता, नियम पाळून. ग्लूचा ठिपका टोकावर लोंबत होता. या घडीला मान वळवली तर पाते वाकडे बसते. मास्तरांनी मान वळवली नाही. पावले उजवीकडे वळली की सरळ गेली, हे त्यांनी ऐकले होते. कानांनी ऐकले होते, मनापर्यंत मात्र पोचू दिले नाही.

शेवटचे पाते खोबणीत बसले आणि आवाज बंद झाला.

इतके दिवस तो होता, हे आता कळत होते. घर सुटल्यासारखे, मोकळे वाटले. रस्त्यावरची सायकलची घंटा स्वच्छ ऐकू आली. त्यांनी फुंकर मारली. एक रांग इकडे, एक तिकडे, जशी हवी तशी. भिंग काढून ते आनंदाने म्हणाले, “ताई, झालं बघ.”

उत्तर आले नाही.

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅसचा वास येत होता. त्यांनी गॅस बंद केला. ताईच्या खोलीत पलंगावर अभ्रा होता, त्यात सुई खोचलेली. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली होती. कामाच्या खोलीत येऊन ते मधोमध उभे राहिले, आणि तेव्हा भिंतीतून, कोऱ्या भिंतीतून, जिच्यापलीकडे रस्ता होता, ताईचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. जेवायला हाक मारावी तितका साधा होता.

“अरे, दिवा का घालवलास?”

मास्तरांनी झडप घालून विमान उचलले, चिमटा पात्याला लावला आणि ते परत वळवले. पितळ तिसऱ्यांदा वळले नाही. पाते मुळाशी काडकन तुटून चिमट्यात आले. त्यांनी दुसरे धरले, तेही तुटले. तिसरे पाते त्यांना चिमट्यात धरताच येईना.

खाली जिन्यावर कुणीतरी चढत होते, गृहस्थ असतील किंवा संस्थेच्या बाई. मास्तर भिंतीला कान लावून उभे होते.

“लाव ना रे,” ताई म्हणाली. या वेळी जरा लांबून, पिंपांच्या पलीकडून. “मला काही दिसत नाहीये.”